एखादं चांगलं वाक्य

"मी तुमची माफी मागायला आलोय!" सुधाकर ओरडला.

समोरच्या तरुणाने कानामागे हात धरून मान हलवली. ऐकू येत नव्हतं.

इचलकरंजीतल्या त्या शेडमध्ये यंत्रमागांचा असा खडखडाट चालला होता की पायाखालची फरशी थरथरत होती. सुधाकरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पुण्यापासून एसटीत बसून हे एकच वाक्य घोळवलं होतं, आणि आता ते ज्याला सांगायचं त्याच्या कानापर्यंत पोचतच नव्हतं. त्याने तोंडाशी दोन्ही हातांचा कर्णा केला, सगळा जीव एकवटून पुन्हा ओरडला, आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. माग जागच्या जागी थांबले. त्या अवचित शांततेत "माफी मागायला आलोय" एवढे शब्द पत्र्याच्या छपराखाली एकटेच घुमले. कामगार वळून बघायला लागले.

"माफी?" सुकुमार मगदूम म्हणाला. "कशाची ओ, सर?"

सुधाकर टिल्लू हे नाव त्या काळी, म्हणजे ब्याण्णव-त्र्याण्णव साली, पुण्यातल्या मोजक्या लोकांना माहीत होतं. नोकरी विम्याच्या कचेरीत. पण दर आठवड्याला एका दैनिकाच्या पुरवणीत तो पाश्चात्त्य संगीतावर मराठीतून लिहायचा. त्यातही त्याचा सगळा जीव प्रोग्रेसिव्ह रॉकवर. हे काय असतं असं कुणी विचारलं की तो खुर्चीत पुढे सरकून सांगायचा, "गिटार आणि ड्रम्सचा दंगा असतो ना, त्यातच काही वेड्या पोरांनी सिंफनीएवढ्या मोठ्या रचना करायला घेतल्या. तीन मिनिटांच्या गाण्याच्या जागी पंचवीस मिनिटांचा डोंगर." मी लहानपणापासून वडिलांच्या तोंडची नाट्यपदं ऐकत वाढलेली. सुधाकरच्या तबकड्या म्हणजे मला शेजारच्या घरातलं भांडण वाटायचं. आवाज येतो, विषय कळत नाही.

तरी त्याचा प्रत्येक लेख मी वाचायची, कारण त्याचं अक्षर छापखान्यात कुणाला लागायचं नाही. सुवाच्य प्रत मी काढायची.

आदल्या वर्षी पुण्यातल्या एका नाट्यगृहात महाराष्ट्रभरच्या हौशी बँडचा कार्यक्रम झाला होता. त्यात इचलकरंजीचा 'धोटा' नावाचा बँड आला होता. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो. तीन मुलगे, एक मुलगी, आणि त्यांनी वाजवलेली एकच रचना, 'तिसरी पाळी'. सव्वीस मिनिटांची. मी गेले नव्हते, शाळेचे पेपर तपासायचे होते. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, सुधाकर लेख लिहायला बसला तो धुसफुसतच.

"लांब वाजवलं म्हणून प्रोग्रेसिव्ह होत नाही," तो म्हणाला. "मालगाडीसुद्धा लांब असते."

"लोकांना आवडलं का?"

"नाचत होते लोक! सात मात्रांच्या ठेक्यावर नाचत होते. याचा अर्थ काय होतो? त्यांनी तो ठेका सोपा करून ठेवलाय."

"किंवा लोक तुला वाटतात त्यापेक्षा हुशार आहेत."

"शैला, लोकांना आवडणं आणि चांगलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"वेगळ्या असतील. पण त्यांचं एकमेकींशी वैर कुठे आहे?"

लेख संपवून त्याने कागद माझ्यापुढे टाकले. मी मेथी निवडता निवडता वाचायला लागले. वाईट सोलून काढलं होतं. इंग्लंडातल्या तीन बँडांची नावं घेऊन लिहिलं होतं की यांचा प्रभाव इतका उघड आहे की त्याला प्रभाव म्हणायचं की उचलेगिरी, हे वाचकांनी ठरवावं. पुढे, हे रॉक नाही, प्रोग्रेसिव्ह तर नाहीच नाही, ही वरातीला विद्वत्तेचा फेटा बांधलेली रचना आहे.

"अरे, बिचारे एवढ्या लांबून आले होते," मी म्हणाले. "शेवटी एखादं चांगलं वाक्य तरी टाक."

"काय टाकू?" टॉवेल खांद्यावर टाकून तो आंघोळीला निघाला होता. "ती मुलगी बरी गात होती. घाल तूच काहीतरी."

मी घातलं. मुलीचं नाव कार्यक्रमपत्रिकेवर होतं. मेथीचे हात पुसले आणि लिहिलं, "गायिका वैजयंती हावळ हिच्या आवाजात मात्र काही वेगळं आहे. या मुलीने या गर्दीत अडकून न पडता स्वतःची वाट धरावी." वाक्य मला आवडलं. लेखाला उगीच कडू चव राहिली नाही असं वाटलं. आंघोळ करून आल्यावर सुधाकरने ते वाचलं, "हं, चालेल," म्हणाला आणि पाकीट बंद केलं.

वर्ष गेलं. एका मैफलीत कोल्हापूरकडचा कुणी ओळखीचा भेटला आणि सहज म्हणाला, "टिल्लू, तुझ्या लेखानंतर तो धोटा बँड मोडला बरं का. पुन्हा उभाच राहिला नाही." म्हणणाऱ्याने थट्टेत म्हटलं होतं. सुधाकर घरी आला तो वेगळाच माणूस होऊन. जेवायला बसला की ताटाकडे बघत राहायचा. दोन आठवडे सदर लिहिलं नाही. "पोरं होती ती," म्हणायचा. "वीस-बावीस वर्षांची पोरं. मी काय समजत होतो स्वतःला?" मला त्याची कीव यायची, आणि खरं सांगायचं तर थोडी गंमतही वाटायची. पुरवणीच्या पाचव्या पानावरचा लेख वाचून कुणाचं आयुष्य मोडतं, हे पटायला स्वतःच्या लेखणीवर फार विश्वास लागतो. शेवटी मीच म्हटलं, "असा झुरत बसण्यापेक्षा जाऊन भेट त्यांना." तो म्हणाला, "तू येशील?" दिवाळीची सुट्टी होती. मी गेले.

धोटातल्या त्या सुकुमारने आम्हाला शेडच्या कोपऱ्यातल्या लाकडी खोलीत नेलं. गोरा, जाडजूड, हसऱ्या चेहऱ्याचा मुलगा. अंगावर सुताचे तंतू. इंजिनिअर झाला होता आणि आता वडिलांचा कारखाना बघत होता. आम्हाला बसवून त्याने पाण्याचे पेले पुढे केले.

"सर, तुमच्या लेखाची माफी?" तो हसायला लागला. "अहो, आम्ही तो लेख पाठ केला होता. वरातीला विद्वत्तेचा फेटा! आमचा ड्रमर, सर्जेराव, महिनाभर फेटा बांधून तालमीला यायचा."

सुधाकरला हसावं की नाही कळेना. "मी लिहिलं होतं की त्या तीन बँडांचा प्रभाव..."

"त्याचीच तर मजा. त्या तिघांतले दोन आम्ही ऐकलेच नव्हते. तुमचा लेख वाचून मग कॅसेटी मिळवल्या. लई भारी होतं ओ! त्यानंतर आमच्यावर प्रभाव पडला, आणि तो तुमच्यामुळं."

"मग सात मात्रांचा तो मधला भाग? तो कुठून आला?"

"आमच्या सातव्या मागातनं." सुकुमारने बाहेर बोट दाखवलं. "बिघडला होता. लंगडत चालायचा."

"तसं असेल, पण लंगडणाऱ्या मागाची नक्कल म्हणजे रचना नाही होत," सुधाकर म्हणाला. माफी मागायला आलोय हे तो पार विसरला होता. "रचना म्हणजे एका भागातून दुसरा भाग उमलला पाहिजे. तुमच्याकडे तुकडे एकापुढे एक ठेवलेले होते."

"बरोबर हाय. होतेच तुकडे."

"मग त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक का म्हणत होता?"

"आम्ही कुठं म्हणत होतो? पत्रिकेवर छापलेलं होतं. आम्हाला इचारलं, कुठल्या प्रकारात बसता? सर्जा म्हणाला, लिहा काय बी, कुठं तरी बसवा म्हणजे झालं."

दोघे त्यावर चांगलेच रंगले. प्रकार आधी की संगीत आधी. लोक नाचले तर संगीताचं काही कमी होतं का. पुण्यात टाळ्या पडल्या त्या खऱ्या की खोट्या. सुकुमार आता गणपतीच्या दिवसांत बँजो पार्टी चालवत होता आणि सात मात्रांचा तोच ठेका मिरवणुकीत वाजवत होता. "कुणाला पत्ता बी न्हाई की हा ठेका अवघड असतो. नाचतात आपले," तो म्हणाला. सुधाकरच्या चेहऱ्यावरचा इतक्या दिवसांचा काळोख माझ्या डोळ्यांसमोर उतरत होता. मला बरं वाटलं. निघायची वेळ झाली तसं मी सहज विचारलं,

"लेखाचं काही नाही, तर मग बँड मोडला कशाने?"

सुकुमारचं हसू एकदम गेलं नाही. ते हळूहळू, लाइट मंद व्हावी तसं गेलं.

"लेखानंच मोडला की," तो म्हणाला.

उठायला निघालेला सुधाकर परत खाली बसला.

"शिव्या दिल्यासा त्याचं काही नाही, सर. शिव्या आम्हा चौघांना मिळून होत्या. चौघांनी मिळून त्या खाल्ल्या, हसलो, परत तालमीला बसलो. पण शेवटचं वाक्य एकटीला होतं."

त्याने सांगितलं ते असं. वैजयंतीचे वडील विणकर सोसायटीत कारकून. पोरीचं हे गाणं त्यांना कधी पसंत नव्हतं. पण पुण्याच्या पेपरात नाव छापून आलं आणि त्यांचं डोकं फिरलं. पाहुण्यारावळ्यांना बोलावून ते वाक्य वाचून दाखवायचे. स्वतःची वाट धरावी, असं पुण्याचे जाणकार म्हणतात, मग या पोरांच्या गर्दीत कशाला राहायचं? कोल्हापूरला धोटाच्या ध्वनिमुद्रणाचं ठरलं होतं. त्याच्या तोंडावरच त्यांनी तिला डोंबिवलीला मामाकडे पाठवलं, मोठ्या ठिकाणी नशीब काढायला.

"ती नको म्हणाली असती तर थांबली असती," सुकुमार म्हणाला. "पण तिलाबी पटलं होतं. मला म्हणाली, सुक्या, मी गर्दीत अडकलीय. मी म्हटलं, आम्ही गर्दी? तिघं जण?" त्याने बाहीवरचा सुताचा तंतू काढून टाकला. "दुसरी गाणारी आणली. जमलं नाही. मग सर्जाचं नि माझं भांडण झालं. मग काय, संपलं."

"चूक माझी," सुधाकर म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ते वाक्य मी फारसा विचार न करता लिहिलं."

तो मला पाठीशी घालत होता, आणि मी घालू देत होते. पाण्याचा पेला माझ्या हातात होता. तो मी नुसताच धरून बसले.

"आता कुठे असते ती?" मी विचारलं.

"आली परत. राजवाड्याच्या मागं एसटीडीच्या बूथवर बसते." मग जरा वेळाने, "आम्ही बोलत नाही."

वीज आली. माग सुरू झाले. त्यानंतर कुणाचंच बोलणं शक्य नव्हतं. त्याने हात जोडले, आम्ही जोडले.

बाहेर आल्यावर सुधाकर म्हणाला, "परत जाऊ या. तिला भेटून काय बोलणार?"

"मी भेटणार आहे."

"शैला, तू एक चांगलं वाक्य लिहिलंस. त्यात तुझा काय गुन्हा?"

"तू तिकडे का नाही सांगितलंस, ते मी लिहिलं म्हणून?"

"नाव माझं होतं लेखावर."

मला आठवतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धुतलेल्या सुताच्या लडी वाळत टाकल्या होत्या, आणि मी त्यांच्याकडे बघत चालले होते, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते कळत नव्हतं.

बूथ म्हणजे एक अरुंद गाळा. आत काचेची केबिन, केबिनवर लाल आकड्यांचं मीटर आणि गल्ल्यामागे सडसडीत, सावळी, मोठ्या डोळ्यांची मुलगी. सुधाकरने नाव सांगितलं मात्र, ती उभीच राहिली.

"टिल्लू सर? पुण्याचे?"

तिने आम्हाला दोन स्टुलांवर बसवलं. धावत जाऊन शेजारून स्वतः चहा घेऊन आली. तिच्या त्या लगबगीने मला अधिकच कानकोंडं झालं. तक्रार केली असती तर बरं वाटलं असतं. तिने आपण होऊनच मुंबईचं सांगायला सुरुवात केली, जणू आम्हाला हिशेब द्यायचा राहिला होता.

"मामाने खूप ठिकाणी नेलं, सर. सिनेमाच्या गाण्यांवाले म्हणाले, आवाज जाड आहे. भावगीतवाले म्हणाले, गोडवा नाही. एक शास्त्रीयचे गुरुजी म्हणाले, ताल पक्का आहे, पण गळ्याला वळण नाही, आणि आता वय गेलं. एका ऑर्केस्ट्रात घेतलं होतं, तिथे पब्लिकला मी चालले नाही. मी कुठल्या खणात बसते, तेच कुणाला कळेना." ती हसली. "बाबा म्हणायचे, स्वतःची वाट धर. पण कुठली वाट, ते तुम्ही लिहायचं राहिलं."

तिने हे टोचून म्हटलं नव्हतं. खरंच राहिलं असेल, जागा कमी पडली असेल, असंच तिला वाटत असावं.

"आता आलाच आहात तर विचारू का?" ती गल्ल्यावर कोपरं टेकून पुढे झाली. "तुम्ही लिहिलं होतं, हिच्या आवाजात काही वेगळं आहे. ते वेगळं म्हणजे काय, सर? मी फार विचार केला. लोकलमधून जाताना, मामाकडे भांडी घासताना. तुम्हाला नेमकं काय ऐकू आलं होतं? ते कळलं तर मी तेवढंच धरून ठेवीन."

सुधाकरने चहाचा कप खाली ठेवला. घसा खाकरला.

"आवाजाला एक पोत असतो," तो म्हणाला. "तुझ्या खालच्या पट्टीत एक, काय म्हणू, एक खरखरीतपणा आहे. तो त्या रचनेला एक गडद रंग..."

ती डोळे मोठे करून ऐकत होती. शब्द न् शब्द मनात साठवत होती. हा असा बोलायला लागला की लेख लिहून होतो, हे मला माहीत होतं. आणि याला त्या आवाजातलं काहीएक आठवत नाही, हेही मला दिसत होतं. आणखी दोन मिनिटं तो बोलला असता तर तो खरखरीतपणा उराशी धरून ही मुलगी पुन्हा कुठेतरी निघाली असती.

"ते वाक्य यांनी लिहिलं नाही," मी म्हणाले. "मी लिहिलं."

ती माझ्याकडे वळली. तोवर मी फक्त सरांची बायको होते.

"यांनी लेखात नुसती टीका लिहिली होती. मला वाईट वाटलं, म्हणून शेवटी काहीतरी चांगलं असावं असं वाटलं. हे म्हणाले, मुलगी बरी गात होती. एवढंच म्हणाले. बाकीचं मी रचलं."

"पण तुम्हाला वेगळं वाटलं, म्हणून ना?"

"मी त्या कार्यक्रमाला आलेच नव्हते. मी तुला ऐकलेलंच नाही."

एक लुंगीवाले गृहस्थ आत आले आणि सोलापूरचा नंबर लावून मागायला लागले. वैजयंतीने नंबर फिरवला, त्यांना केबिनमध्ये बसवलं, मीटरकडे डोळे लावून उभी राहिली. ते आत मोठमोठ्याने कुणाच्या तरी बारशाबद्दल बोलत होते. आम्ही दोघे स्टुलांवर शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखे बसलो होतो. सुधाकरने माझ्या हातावर हात ठेवला. मी तो बाजूला केला. गृहस्थ बाहेर आले, सुटे नाहीत म्हणून कुरकुरले आणि गेले.

"म्हणजे वेगळं असं काही नव्हतं," वैजयंती म्हणाली.

"मला माहीत नाही. असेलही. मी ऐकलं नाही, एवढंच खरं आहे."

"बाबांनी ते वाक्य किती जणांना वाचून दाखवलं असेल!" ती म्हणाली आणि एकदम तोंडावर हात धरून हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले. ओढणीने तिने ते पुसले. मला वाटलं, आता ती आम्हाला जा म्हणेल. मी उठायच्या बेतात होते.

"मग आता ऐका," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही ऐकलं नाही ना? मग ऐका. सर, तुम्ही ऐकलंय. तुम्ही जरा बाहेर थांबता? गिऱ्हाईक आलं तर म्हणावं, लाइन बंद आहे."

प्रोग्रेसिव्ह रॉकवर महाराष्ट्रात अधिकाराने लिहिणारा माझा नवरा निमूटपणे बाहेर जाऊन उभा राहिला. तिने शटर अर्ध्यावर ओढलं. गल्ल्यामागे बसली, डाव्या हाताची बोटं लाकडावर टेकवली आणि ठेका धरला.

मला वाटलं होतं, ती लगेच गायला लागेल. ती गायली नाही. नुसती बोटं चालत राहिली. लंगडा, अडखळणारा ठेका, आणि तिचे डोळे समोर कुठेतरी. मला कळेना काय चाललंय. मग ध्यानात आलं, आधी दुसरे वाजवत असणार. सुकुमार वाजवत असेल, तो फेटेवाला सर्जेराव वाजवत असेल. ती त्यांचं होऊ देत होती. मग तिने तोंड उघडलं.

शब्द साधेच होते. रात्रपाळीला निघालेल्या बापाचा डबा, झोपलेलं घर, दारातला दिवा. थोड्या ओळी गाऊन ती पुन्हा थांबली. पुन्हा नुसती बोटं. मधेच मान डावीकडे वळवून ती किंचित हसली, जणू तिथे कुणी नेहमीप्रमाणे चुकलं होतं. एकदा तिने पुढे सुरुवात केली आणि चटकन थांबून मान हलवली. कुणाचं तरी संपायचं होतं. पूर्ण संपेपर्यंत ती थांबली आणि मग उचललं. अशी ती गात गेली आणि थांबत गेली. सव्वीस मिनिटांतलं तिचं गाणं फार तर सहा-सात मिनिटांचं असेल. उरलेला सगळा वेळ तिने दुसऱ्यांना दिला होता, आणि त्या रिकाम्या गाळ्यात आजही देत होती.

तिचा आवाज चांगला होता का? मला संगीतातलं कळत नाही. जाड होता, एवढं खरं. गोडवा नव्हता, हेही खरं. पण त्या थांबण्यात मला जे ऐकू आलं ते भयंकर होतं. मी जिला गर्दी म्हटलं होतं, ती ही. मेथीचे हात पुसून, कौतुक म्हणून, मी हिला यातून उपटून काढलं होतं. मी दोन्ही हात मांडीत घट्ट धरून बसले आणि शेवटपर्यंत हलले नाही. माझ्या हातात तेवढंच होतं.

बोटं थांबली. तिने मला कसं झालं ते विचारलं नाही. उठली, शटर वर केलं, चहाचे कप उचलले. बाहेर दोन-तीन गिऱ्हाइकं सुधाकरशी हुज्जत घालत होती.

"सुकुमार तुझ्यावर रागावलाय," मी निघताना म्हणाले. का म्हणाले कोण जाणे.

"तुम्ही भेटलात त्याला?" तिचा चेहरा उजळला. "रागावलाय अजून?" आणि मग, गिऱ्हाइकाचा नंबर फिरवता फिरवता, "बरं झालं."

धोटा पुन्हा उभा राहिला नाही. असल्या गोष्टी पुन्हा उभ्या राहत नाहीत. पुढे वैजयंतीचं लग्न होऊन ती हुबळीला गेली, एवढं कानावर आलं. सुकुमार लग्नात वाजवायला होता, हेही. सुधाकरने आणखी कितीतरी वर्षं सदर लिहिलं आणि पुष्कळ कठोर लिहिलं. सुवाच्य प्रत मीच काढत राहिले. लेख कितीही कडू असला तरी जसाच्या तसा उतरवायची. कधी हात थबकायचा. लेखणी खाली ठेवून मी आत जाऊन पाणी पिऊन यायची. कुणाचं नाव कौतुकाने घ्यायचं झालं तर आजही माझी जीभ अडखळते. माझ्या शाळेतल्या मुलींना वाटायचं, टिल्लूबाई कंजूष आहेत.

त्या संध्याकाळी परतीच्या गाडीची वाट बघत आम्ही स्टँडवर बाकावर बसलो होतो. मग सुधाकरने विचारलं,

"कशी गायली?"

संगीतातलं काही त्याने मला विचारावं, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

"तू ऐकलंयस की," मी म्हणाले. "पुण्याला, पहिल्या रांगेत बसून."

त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिला.

"ती गात होती तेव्हा मी ऐकत नव्हतो, शैला," तो म्हणाला. "मी मालगाडीचं वाक्य जुळवत होतो."